चाकावरचा हार

चौकशीचे अधिकारी गिरणीच्या पिंजणखात्यात यंत्रासमोर उभे राहिले. एका बाजूला गिरणीचे वकील आणि खात्याचा मुकादम, जॉबर शरणप्पा, दुसऱ्या बाजूला कामगार येडू. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटाशी गाठ मारून बांधली होती.

वकिलांचे म्हणणे सरळ होते. दातेरी चाकावरचे लोखंडी झाकण येडूनेच काढले, आणि चालत्या यंत्रात हातही त्यानेच घातला. निष्काळजीपणा त्याचा, गिरणी भरपाई देणे लागत नाही. येडूच्या घरात दुसरे कोणी कमावते नव्हते.

झाकण काढल्याचे येडूने नाकारले नाही. खंडेनवमीला सगळ्याच चाकांची झाकणे निघतात. झाकणावरून कुंकू कसे लावणार? आणि पूजलेले चाक हार सुकेपर्यंत झाकायचे नाही, असा खात्याचा रिवाज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी यंत्रे तशीच चालू करायला लावली.

"आणि हात का घातलास?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"हार घसरून चाकात जायला लागला, सायेब. देवाचा हार की त्यो."

"हार दुसरा मिळतो," वकील म्हणाले.

शरणप्पाने आपली जबानी पुन्हा सांगितली. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या खात्यात होता. चालत्या चाकात भानावरचा माणूस हात घालत नाही. हे सांगताना त्याने येडूकडे पाहिले नाही.

अधिकाऱ्यांनी सगळे त्या दिवशीसारखे मांडायला सांगितले. झाकण काढले. झेंडूचा हार आणवला. शरणप्पाने वहाणा बाजूला काढल्या, चाकाला कुंकू लावले, हार वरच्या दांडीवर घातला आणि हात जोडले. हात जोडायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

यंत्र सुरू झाले. हादऱ्याने हार सरकू लागला. त्याचे टोक दात्यांना टेकले आणि एक फूल चिरडले.

शरणप्पाचा हात पुढे गेला.

येडूने डाव्या हाताने त्याचे मनगट धरले.

"आदी मशीन थांबवा, जॉबर," तो म्हणाला.

हार चाकात ओढला गेला. पाकळ्या वकिलांच्या कोटावर उडाल्या. यंत्र थांबले, तरी येडूने ते मनगट सोडले नव्हते.