पायगुण

दमयंतीबाई शाल घ्यायला गाडीपाशी आल्या तेव्हा सून मेधा मागच्या सीटवर बसून, काच खाली करून, मैदानावरच्या आरडाओरड्याकडे कान लावून होती. मांडीवर लॅपटॉप नव्हता. फोनही पर्समध्येच होता.

ऑफिसचा तातडीचा कॉल आहे म्हणून मेधा गाडीत थांबली, असं देवव्रतनं आईला सांगितलं होतं. दमयंतीबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी परदेशी, मुलाकडे हॉर्नबीला आल्या होत्या. नात इरा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या संघातून फुटबॉल खेळते आणि आज फायनल आहे, म्हणून त्या थेट दक्षिण ध्रुवाकडून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात कौतुकानं येऊन बसल्या होत्या. कॉल झाला का, असं त्यांनी सहज विचारलं. मेधानं आधी हो म्हटलं. मग तिला ते रेटवेना, आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मागच्या वर्षी मेधा लागोपाठ दोन मॅचना आली आणि संघ दोन्ही हरला. कुणीतरी थट्टेत तिला पनवती म्हटलं. सगळे हसले, तीही हसली. तिसऱ्या मॅचला तिला ताप होता, ती घरी राहिली आणि संघ जिंकला. तेव्हापासून देवव्रत तिला येऊ देईना. या वर्षी तिनं फारच हट्ट धरला तेव्हा पार्किंगपर्यंत यायची परवानगी मिळाली. उंच कुंपणापलीकडचं मैदान तिथून दिसत नव्हतं. इराला यातलं काही माहीत नव्हतं. खेळाआधी लेकीचं डोकं फिरायला नको, म्हणून आईला काम असतं हे मेधा स्वतःच तिला सांगत आली होती.

"सगळेच काही ना काही पाळतात, आई," मेधा म्हणाली. "मीच कशाला वाईटपणा घेऊ?"

पाळत होते खरे. दमयंतीबाईंनी ते मघाशी पाहिलंच होतं. देवव्रतनं सीझन सुरू झाल्यापासून न धुतलेला मफलर गळ्यात गुंडाळला होता. 'किया ओरा' असं तिथल्या रीतीनं स्वागत करत त्यांना जागा करून देणारी गोलकीपरची आई हाफ-टाइमपर्यंत हातातल्या गरम पेस्ट्रीला तोंड लावत नव्हती. एक गृहस्थ पेनल्टी असली की मैदानाकडे पाठ करून उभे राहत. दमयंतीबाईंना त्याची गंमत वाटली होती. आता मात्र त्यांना संताप आला. मफलर काय, पेस्ट्री काय, त्या वस्तू होत्या. ही माणूस होती, आणि त्या मुलीची आई होती.

त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि मेधाला उतरायला सांगितलं. मेधा नको म्हणाली. त्यांनी दार तसंच धरून ठेवलं. शेवटी मेधा उतरली.

फाटकाशी देवव्रत आडवा आला. थोडाच वेळ उरलाय, आपण एका गोलनं पुढे आहोत, असं तो घाईघाईनं सांगू लागला. आत्ता नको, शिट्टी झाली की ये, मग हवा तेवढा वेळ थांब.

मेधानं त्याच्याकडे पाहिलं. सासूबाई काही बोलणार एवढ्यात तीच म्हणाली, "तिला मी नऊ महिने पोटात बाळगलं, तेव्हा नाही माझा पायगुण आठवला?"

आणि ती त्याच्या बाजूनं आत गेली.

इरानं तिला पाहिलं. चिखलानं माखलेल्या त्या पोरीचा चेहरा असा काही उजळला की दमयंतीबाईंना भरून आलं. तिनं धावता धावता हात उंचावला. मेधानं दोन्ही हात हलवले. लेक कशी धावते, हे ती वर्षभरात प्रथमच पाहत होती.

त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांनी कॉर्नरवरून हेडर मारून बरोबरी केली आणि अगदी शेवटी आणखी एक गोल केला. शिट्टी वाजली. इराचा संघ हरला.

पालकांपैकी कुणी मेधाकडे थेट पाहिलं नाही, पण तिच्या आजूबाजूची जागा रिकामी होत गेली. इरा मात्र धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. "सॉरी, मम. तू आलीस आणि वी लॉस्ट," ती म्हणाली. मेधा तिचे केस पुसत राहिली.

देवव्रत आईजवळ आला. मफलर काढून त्यानं मुठीत चुरगाळला होता. "आता तरी पटलं?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

दमयंतीबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तुझी मुंज केली. मातृभोजनाला तुझ्या पानाशी काकूला बसवलं होतं आणि मला माजघरात, विधवेची सावली नको म्हणून. आठ वर्षांचा तू पाटावरून उठलास, सगळ्यांदेखत मला बाहेर घेऊन आलास, आणि माझ्या हातचा घास मिळेपर्यंत जेवला नाहीस. त्या पोराच्या जोरावर मी जन्मभर ताठ मानेनं जगले, देवव्रत. आणि तूच बायकोला गाडीत बसवून आलास?"