मनीमार्फत

“मने, सांग त्यांना, आमच्या घरात चपला दाराबाहेर काढतात.”

लग्नानंतर जावई पहिल्यांदा उंबऱ्याशी उभा राहिला, तेव्हा सासऱ्यांचा हा आवाज त्यानं ऐकला होता. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. शिलाई मशीनच्या पायाशी पहुडलेल्या पांढऱ्या मांजरीकडे बघून ते बोलले होते. मुलीनं लग्न परस्पर ठरवलं, त्याचा हा रुसवा. जावई दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तोंडानं तिखट. तोही मांजरीलाच म्हणाला, “मने, सांग त्यांना, काढल्या. आता मोजेही काढू का?”

तेव्हापासून त्या घरात असंच चालत आलं. सासूबाई गेल्या, म्हातारे एकटे पडले, आणि नवरा-बायको त्यांच्या सोबतीला इथंच राहायला आले. रुसवा कधीच विरला होता, सवय तेवढी उरली होती. भाजीत मीठ जास्त झालं, मनीमार्फत. रंगाच्या डब्यांचा वास येतोय, मनीमार्फत. बायको म्हणायची, “आमच्याकडे घरातल्या घरात टपाल चालतं. आणि पोस्टमन दिवसभर झोपलेला.”

आता पोस्टमन आजारी होता.

मनीच्या किडन्या थकल्या होत्या. कितीही पाणी प्यायली तरी ते अंगात टिकत नव्हतं. अंग काटकुळं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं होतं, घरीच, दिवसाआड. नीट दिलंत तर अजून बरेच दिवस मजेत राहील, म्हणाल्या होत्या. आजवर बायको देत होती. आजपासून कामावर तिची पाळी संध्याकाळची झाली. म्हाताऱ्यांचा जन्म शिंपीकामात गेला, पण आता हात थरथरायचे. राहिला जावई. त्याला सुई नुसती दिसली तरी घेरी यायची.

पिशवी कोमट पाण्यात ठेवून त्यानं ऊबदार केली. जिथं एके काळी शिवून झालेले कोट लटकत, त्या खिडकीतल्या खुंटीला ती टांगली. मावळतीचं ऊन पिशवीतून झिरपून फरशीवर सांडलं. म्हातारे मांडी घालून बसले. नेहमीसारखी त्यांनी फरशीवर टाच आपटली. मनीनं डोळे उघडले, निळेशार, आणि सावकाश येऊन त्यांच्या मांडीत बसली.

जावयानं तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली. डोळे अर्धे मिटून सुई खुपसली. नळीवरचं चाक सोडलं. पाणी वाहू लागलं, पण मनीच्या अंगात नाही. सुई कातडीच्या या बाजूनं शिरून त्या बाजूनं बाहेर आली होती.

“मने, सांग त्यांना,” म्हातारे म्हणाले, “सलाईन तुला द्यायचंय. माझा पायजमा ठणठणीत आहे.”

जावयाच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं चाक बंद केलं, सुई काढली. “मने, सांग त्यांना, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे.”

म्हाताऱ्यांनी मनीची ओली पाठ हातानं पुसली. मग हळू आवाजात म्हणाले, “मने, सांग त्यांना, टाका आरपार गेला, एवढंच. माझे पहिले सगळे टाके तसेच जायचे. चिमूट मोठी धरा. कातडीचा तंबू उभा राहिला पाहिजे. सुई तंबूच्या दारातून आत घाला, आडवी. आणि श्वास सोडा म्हणावं. नाहीतर आधी यांनाच झोपवून सलाईन लावावं लागेल.”

जावयाला हसू आलं. हसता हसता श्वास सुटला. त्यानं नवी सुई लावली. पाटीवर पहिलं अक्षर काढताना ब्रश धरावा तशी धरली. तंबू उभा केला. सुई आत गेली.

चाक सोडताना त्याचा कोपर शेजारी स्टुलावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटाला लागला. ताट मनीच्या कानाशीच फरशीवर दणाणलं, गरगरत राहिलं. जावई केवढ्यानं दचकला! मनीचा कानसुद्धा हलला नाही.

“राणीसरकार आहे आमची,” म्हातारे म्हणाले. त्यांनी तिला अलगद छातीशी टेकवून धरलं, बरगड्यांना बरगड्या लावून, आणि गुणगुणू लागले:

*मने गं मने, उन्हाचं पांघरूण,*
*तुझ्या डोळ्यांत निळं आभाळ आलं भरून.*

मनी घुरघुरू लागली. नळीतून थेंबामागून थेंब उतरत होता. तिच्या खांद्यावर कातडीखाली पाण्याची मऊ उशी फुगत होती. सगळं पाणी गेल्यावर जावयानं सुई काढली आणि ती जागा बोटानं दाबून धरली. बोटाखाली तिची हाडं लागली, पिसासारखी हलकी.

“मने,” तो म्हणाला, “तू लवकर जाऊ नकोस हं. तू गेलीस तर यांचं माझ्याशी बोलणंच संपेल.”

गुणगुणणं थांबलं. म्हाताऱ्यांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ जावयाच्या डोळ्यांत पाहिलं.

“अरे बाळा,” ते म्हणाले, “मनीला कुठं ऐकू येतंय? जन्मापासून ठार बहिरी आहे ती.”