उघडं गाऱ्हाणं

सप्ताहातल्या कीर्तनकार महाराजांना मनातलं गाऱ्हाणं गुपचूप कळवता यावं, म्हणून दीपानं जावास्क्रिप्टमध्ये गावासाठी पान तयार केलं. त्या संगणकभाषेत क्लास म्हणजे कोडच्या साच्यातली प्रत्येक गोष्ट आपोआप उघडी असते. झाकायची तर नावाआधी हॅशचं चिन्ह द्यावं लागतं. तेच राहिलं. सकाळपासून अख्खं बोरी गाव एकमेकांची गाऱ्हाणी वाचत होतं. त्यात तिच्या आईचंही होतं, बाबांबद्दलचं.

दीपा लॅपटॉप उघडते तोच शेजारचे धावजी गाडी घेऊन दारात.

"पंजाबराव, बसा मांगं, दवाखान्यात जाऊ! कपाशी फवारल्यापासून डोयाले दिसत नाई, अन् घरात लपून राह्यले?"

"कोनं सांगतलं तुले?" बाबा खेकसले. पण बसले.

दीपानं घाईघाईनं हॅश टाइप केला. आईनं तिचं मनगट धरलं.

"थांब व माय. पलीकडच्या पुष्पाचं आजून कोनी वाचलं नाई."