हरण्याचे पैसे

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याची शेवटची चार मिनिटं उरली होती आणि केलम कॉलेज फक्त दोन गुणांनी मागे होतं. एवढं मोठं भरलेलं स्टेडियम, आणि सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

वरच्या काचेच्या खोलीत यजमान विद्यापीठाचा क्रीडा संचालक प्रेस्टन व्हिकरी उभा होता. त्याच्या शेजारी केलमची क्रीडा संचालक रोबर्टा क्विलन. केलम हे डोंगरातलं लहानसं कॉलेज. इथं येऊन मार खाण्याचे त्यांना पंधरा लाख डॉलर मिळायचे. त्या पैशावर तिथल्या मुलींचं पोहणं, पोरांची कुस्ती, सगळं वर्षभर चालायचं. व्हिकरीला हंगामाच्या सुरुवातीलाच सोपा विजय मिळायचा. दोघांचंही भागत होतं.

सकाळी नाश्त्याला रोबर्टाने आपल्या कोचला बजावलं होतं, "मध्यंतरानंतर चांगली पोरं बाहेर बसव, एमॉस. हरलो तरी पैसे मिळणारच आहेत. पोरांचे पाय मोडले तर ते मात्र कुणी भरून देणार नाही."

एमॉस टेडर "हो मॅडम" म्हणाला होता आणि अंड्यांवर तिखट सॉस ओतत राहिला होता. चांगली पोरं अजून मैदानातच होती.

"तुमचा कोच तुमचं ऐकत नाही वाटतं," व्हिकरी हसत म्हणाला. त्याच्या ताटातलं सँडविच तसंच गार होऊन पडलं होतं.

मागून बक ओगलट्री ओरडला. तीन जिल्ह्यांत ट्रॅक्टर विकणारा हा विद्यापीठाचा सगळ्यात मोठा देणगीदार. "प्रेस्टन, हाकल आपल्या त्या कोचला! आजच्या आज! त्याच्या कराराचे उरलेले पैसे मी भरतो!"

"मागच्याच महिन्यात यानेच त्याचा करार वाढवायला लावला," व्हिकरी पुटपुटला.

खाली केलमचा मुख्य खेळाडू मार्लन यूबँक्सने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी दोन धिप्पाड गडी त्याच्या अंगावर आदळले. तो उठला, पण लंगडत. रोबर्टाने पर्समधून फोन काढला. एक शब्द खाली कळवला असता, तर टेडरला त्याला बाहेर घ्यावंच लागलं असतं. खाली डॉक्टरने पोराचा गुडघा वाकवून पाहिला, खेळू शकतो म्हणून मान डोलावली. यूबँक्स सोबत्यांना काहीतरी म्हणाला आणि ती पोरं हसली. इतका वेळ खाली मैदानावर दुसरं कुणीच हसलं नव्हतं.

रोबर्टाने फोन परत पर्समध्ये टाकला.

"खेळू द्या," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

यूबँक्सने चेंडू पुढे नेला, थोडा थोडा करत. शेवटच्या क्षणी केलमच्या पोराने लांबून लाथ मारली. चेंडू डाव्या खांबाला घासला आणि दोन खांबांमधून पार गेला. तीन गुण. केलम एका गुणाने जिंकलं.

रोबर्टा खाली मैदानावर पोचली तेव्हा टेडरने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"तुमचं ऐकलं नाही, मॅडम."

"दिसलं मला."

"आता पैसे देऊन आपल्याला कोण बोलावणार? पोहणाऱ्या पोरींचं काय करायचं?"

"ते माझं काम. तू पोरांना भेट जा. त्या मार्लनला आधी बर्फ लावून बसव."

व्हिकरी हात मिळवायला आला. मागोमाग ओगलट्री, लालबुंद होऊन. "पुढच्या वर्षाचं विसरा, रोबर्टा," व्हिकरी म्हणाला. "मार खायला मी पैसे देत नाही."

"देऊ नका. पुढच्या वर्षी तुम्हीच या. आमच्याकडे."

"तुमच्याकडे? आणि आम्हाला काय देणार?"

"काही नाही. तिकिटांचे पैसेही आमचे."

व्हिकरी मोठ्याने हसला. "आम्ही कशाला येऊ?"

रोबर्टाने नजर वळवली. ती ओगलट्रीकडे पाहत राहिली.

"जायचं, प्रेस्टन!" ओगलट्री गरजला. "वर्षभर लोकांना तोंड कसं दाखवू मी? उद्या बोलावलं तर उद्या जायचं! गाड्यांचा खर्च माझा!"

व्हिकरीचं हसू मावळलं. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "आमचे लोक हजारोंनी येतील. तुमच्याकडे बसायला जागा तरी आहे का?"

"बाकं थोडी आहेत," रोबर्टा म्हणाली. "बाकीच्यांना टेकडी आहे. येताना गोधड्या आणायला सांगा. गवत ओलं असतं."