पुतण्याची नेमणूक

गावचा मुख्य पाद्री वारला. सतरा वर्षांत तो गावाकडे एकदाही फिरकला नव्हता. लग्नं, मर्तिकं, प्रार्थना, सगळं सहायक पाद्री ट्रेंब्लीनेच ओढलं होतं. आता तरी ती जागा आपल्याला मिळेल म्हणून तो चिखल तुडवत बिशपच्या महालात गेला.

ड्यूकचे धाकटे चिरंजीव असलेले बिशप तितराची तंगडी चोखत म्हणाले, "जागा आमच्या पुतण्याला द्यायची ठरलीय."

"सतरा वर्षं मी राबलो, हुजूर, आणि आता पुतण्या? त्यांना प्रार्थना तरी पाठ आहे का?" ट्रेंब्लीचा आवाज चढला.

"होईल हो हळूहळू. तोवर जागा त्याच्या नावावर राहील. काम काय, तुम्ही करताच आहात."

"निदान गावाला एकदा तोंड तरी दाखवायला सांगा त्यांना."



"येतोय की रविवारी, दाईच्या कडेवर. बाप्तिस्मा तेवढा तुम्हीच करा."