मास्तरांची मोजणी

"पंखा बंद कर," मास्तर म्हणाले.

सुनेने पंखा बंद केला, छापलेलं पान सासऱ्यांपुढे ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

मास्तरांनी जाड काचांचा चष्मा नाकावर चढवला. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा पानावरून तळवा फिरवला, वरून खाली. मग डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीत सासूबाई विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुयांची टिकटिक तेवढी चालू.

"दोनशे सत्तेचाळीस शब्द."

सुनेच्या संगणकावर आकडा होता दोनशे एकावन्न. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका शब्दावर टिंब देत पान मोजून काढलं. दोनशे सत्तेचाळीस! 

चाळीस वर्षं मास्तरांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. उरलेलं काम पिशवीत घालून घरी आणायचे. लोक सांगायचे, मास्तर उडत्या कागदावरचे शब्द मोजतात. कागद खाली पडायच्या आत आकडा तयार! आता नजर अधू झाली होती. बातम्यासुद्धा सासूबाई वाचून दाखवायच्या. "उरलेले डोळे मोजणीसाठी राखून ठेवलेत," असं मास्तर ऐटीत सांगायचे.

सुनेचं काम नव्या जमान्यातलं. वेबवर लिहायचं पान असतं ना, एडिटर, तो ती बनवायची. परीक्षा मंडळ त्यावर पोरांकडून निबंध लिहून घेणार होतं. किती शब्द झाले, किती अक्षरं झाली, हे लिहिता लिहिता कोपऱ्यात दिसायला हवं होतं. एक शब्द जास्त झाला की गुण कापणार, म्हणजे आकडा चुकून चालणार नव्हतं. शुक्रवारी तपासणी. त्यात नापास झालं तर मंडळ काम काढून घेणार, आणि तिच्या पाच माणसांच्या ऑफिसला कुलूप.

आणि मोजणी तर रोज नवे रंग दाखवत होती. दोन शब्दांमध्ये जागा चुकून दोनदा सुटली, की त्या रिकाम्या जागेलाही शब्द धरायची. अक्षरं मोजायला सांगितलं, तर काना-मात्रा सुट्या सुट्या मोजून बसायची. एक भोक बुजवावं तर दुसरं पडे. रोज संध्याकाळी सून पानं छापून आणायची, पंखा बंद करायची आणि मास्तरांच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघायची.

बुधवारी आकडा कमी भरायला लागला. कधी तीनने, कधी पाचने. सून डोकं धरून बसली.

"टाका गळतो तो ओळ बदलताना," सासूबाई विणकामातून मान वर न करता पुटपुटल्या. "शेवटाकडे बघावं."

सून चमकली. ओळीचा शेवट! खरंच, नवीन ओळ सुरू केली की एडिटर आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढचा पहिला शब्द एकत्र चिकटवून एकच धरत होता.

"आई, तुमच्या स्वेटरने वाचवलं मला!"

"हो ना," मास्तर हसले. "तीन वर्षं झाली, तेवढाच आहे तो. चार बोटं. माझ्या एका बाहीचं तरी भाग्य उजळू दे गं."

"थंडी पडू दे आधी," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी मंडळाच्या बाई ऑफिसात आल्या. त्यांनी स्वतःचं पान आणलं होतं. एडिटरमध्ये टाकलं. सहाशे बारा.

"चूक," बाई म्हणाल्या. "मी स्वतः मोजलेत. सहाशे नऊ."

सगळ्यांचे चेहरे पडले. सून म्हणाली, "माझे सासरे खाली बसलेत. त्यांना मोजू द्या."

मास्तर वर आले. पाहुण्यांना वर जायचा पास एकच होता, म्हणून सासूबाई खालीच राहिल्या. मास्तरांनी पानावरून तळवा फिरवला. डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. कपाळावर घाम आला.

"बाबा?"

"हिला वर बोलवा. माझा चष्मा राहिलाय तिच्या पिशवीत."

सासूबाई आल्या. पानावर वाकून त्यांनी मास्तरांच्या नाकावर चष्मा नीट बसवला, मग कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून विणायला घेतलं.

"तो एसी बंद करा जरा," मास्तर म्हणाले.

खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. फक्त सुया वाजत होत्या.

"सहाशे बारा."

बाईंनी ओठ मुडपले. पुन्हा मोजायला बसल्या, या वेळी बोट ठेवून. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या.

"सहाशे बारा," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण?"

ऑफिसातली पाची माणसं उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी वाकून नमस्कार केला. कागदावर सही झाली.

घरी आल्यावर सुनेला राहवेना. तिने पिशवीतलं उरलेलं एक पान मास्तरांपुढे ठेवलं.

"बाबा, गंमत म्हणून एवढं एकच. मी चहा टाकते."

"पंखा बंद करून जा."

साखरेचा डबा बाहेरच राहिला होता, म्हणून ती लगेच परतली आणि दारातच थबकली. घाईत पान पालथं ठेवलं गेलं होतं. वर कोरी बाजू होती. आणि मास्तर त्या कोऱ्या बाजूवरून मन लावून तळवा फिरवत होते.

ती बोलणार, एवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. दाराकडे त्यांची पाठ होती. त्यांनी पान उलटलं. वरून खाली एकदाच नजर टाकली. मग खुर्चीत बसून सुया उचलल्या.

टिक, टिक, टिक. थांबल्या. टिक. थांबल्या. मग सावकाश आठ वेळा.

"सूनबाई!" मास्तरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "तीनशे अठरा!"

सून त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती.