घोडा की खुर्ची?

खुर्चीला घोड्याचं तोंड असू नये, असा कायदा कुठेच नव्हता. पण कस्टमच्या साहेबांनी पेटी फोडली, तोंड पाहिलं आणि मान हलवली. “फर्निचर कसलं, हे खेळणं. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीला जाईल, महिना लागेल.” माल मागवणाऱ्या काकू पुढे आल्या. पहिलीच आयात, आणि डुलत्या खुर्च्या उद्या वृद्धाश्रमात पोचवायच्या होत्या. “म्हटलं होतं वहिनी, बिनतोंडाच्या मागवा,” दीर पुटपुटला. “भावजी, तुमचं तोंड आवरा,” म्हणत काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. “साहेब, बसून बघा.” साहेब बसले, डुलले आणि असे घोरू लागले, की गोदामाचे पत्रे थरथरले. हमाल चवड्यांवर चालले. कबुतरांनीसुद्धा घुमणं थांबवलं. दुपार कलल्यावर साहेबांनी डोळे उघडले, घोड्याची मान थोपटली. “खेळण्यावर माणूस झोपत नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “फर्निचरच. माल सोडा. ही खुर्ची शेवटी उचला.”